तीन ॲडॉल्फ आणि आकडेवारीचं एक पुस्तक

जपानीत 'सांगणे' यासाठी शब्द पुष्कळ आहेत. त्यातला 'त्सुगु' चहा पिता पिता कुणी वापरणार नाही. हुकमाच्या, दवंडीच्या सुरातलं ते सांगणं. २६ फेब्रुवारी १९३६ च्या पहाटे, टोकियोत बर्फ पडलेलं असताना, तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी चौदाशेहून अधिक सैनिक घेऊन शहराचा मधला भाग ताब्यात घेतला आणि अर्थमंत्री ताकाहाशींसकट काही बड्या माणसांना ठार मारलं. तीन दिवसांनी रेडिओवरून त्या शिपायांना उद्देशून निवेदन वाचलं गेलं : अजूनही उशीर झालेला नाही, बराकीत परत या. त्या निवेदनाचं नाव 'हेइ नि त्सुगु', म्हणजे सैनिकांना कळवण्यात येतं की. चित्रकथाकार ओसामू तेझुकांनी १९८३ च्या जानेवारीत 'शुकान बुनशुन' या साप्ताहिकात जी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सुरू केली तिचं नाव 'ॲडॉल्फ नि त्सुगु'. युद्ध पाहिलेल्या जपानी वाचकाच्या कानात ते जुनं निवेदन वाजल्याशिवाय राहिलं नसणार. इंग्रजी भाषांतरात त्याचा 'मेसेज' झाला आणि सूरच गेला. मेसेज आपण दूधवाल्यालाही करतो.

साप्ताहिकही लक्षात घ्यायला हवं. 'शुकान बुनशुन' हे मुलांचं मांगा मासिक नव्हे. राजकारण, भानगडी, मुलाखती छापणारं, लोकलमध्ये नोकरदार माणसं वाचतात तसं बातम्यांचं साप्ताहिक. मे १९८५ पर्यंत ही कथा त्यात चालली. मधे तेझुका आजारी पडले, खंड पडला, शेवटचा भाग आवरता घ्यावा लागला आणि पुस्तक करताना त्यांनी पानं वाढवली. तरी पश्चिम आशियात घडणारा कथेचा शेवट घाईत उरकल्यासारखाच वाटतो. तेझुकांचा 'बुद्ध' आपल्याकडच्या दुकानांतही दिसतो. तो वाचून इकडे येणाऱ्याला इथे कमी विनोद, कमी उड्या आणि बऱ्याच जास्त तारखा मिळतात.

कथा तीन ॲडॉल्फांची. एक हिटलर. दुसरा कोबेतल्या जर्मन वकिलातीतल्या अधिकाऱ्याचा आणि त्याच्या जपानी बायकोचा मुलगा, ॲडॉल्फ काउफमान. तिसरा त्याचा जिवलग दोस्त, कोबेतल्याच जर्मन ज्यू बेकरीवाल्याचा पोरगा, ॲडॉल्फ कामिल. यांना जोडणारा माणूस म्हणजे सोहेई तोगे हा जपानी बातमीदार. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या बातम्या द्यायला तो गेलेला असतो आणि तिथे शिकणाऱ्या त्याच्या भावाचा खून होतो. भावाच्या हाती काही कागद लागलेले असतात : हिटलरच्या अंगात ज्यू रक्त आहे याचा पुरावा. ते त्याने आधीच जपानला पाठवलेले असतात. मग बर्लिनपासून कोबेपर्यंत सगळे त्या कागदांमागे लागतात.

या कागदांचं मूळ तेझुकांच्या डोक्यातलं नाही. हिटलरचा बाप आलोइस १८३७ साली अविवाहित आईच्या पोटी जन्मला आणि चाळिशीला येईपर्यंत आईचंच, शिकलग्रूबर हे आडनाव लावत होता. बाप कोण, ही जागा रिकामी. रिकाम्या जागेत अफवा वाढते. युद्धानंतर न्युरेंबर्गच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत असलेल्या हान्स फ्रांक या नाझी वकिलाने लिहून ठेवलं, की आलोइसची आई ग्राझ शहरात फ्रांकेनबर्गर नावाच्या ज्यू घरी स्वयंपाकाला होती. इतिहासकारांनी हे तपासलं तर पहिल्याच पायरीवर घोडं अडलं : त्या काळात ग्राझ ज्या प्रांतात येतं तिथे ज्यूंना राहायची मुभाच नव्हती, आणि त्या नावाचं ज्यू कुटुंब नोंदींत सापडत नाही. म्हणजे साऱ्या पाठलागाच्या मुळाशी असलेला कागद इतिहासाच्या कसोटीवर खोटा. तेझुकांचं काम त्याने अडत नाही. वंशावळीच्या कागदावर माणसं जगवायची की मारायची हे ठरवणाऱ्या राजवटीला तिच्याच नेत्याच्या वंशावळीची भीती वाटावी, एवढंच त्यांना हवं आहे.

खरी गंमत कोबेची आहे. तेझुका शेजारच्या ताकाराझुकात वाढले, त्यामुळे हे बंदर, उतारावरची परदेशी लोकांची घरं, खाली गोदी, हे सगळं ते हाताच्या सवयीने काढतात. जर्मन माणसाची बेकरी जपानी बंदरात कशी, असा प्रश्न पडत असेल तर तीही कल्पना नव्हे. कार्ल युखहाइम हा चीनमधल्या त्सिंगताओत पकडून जपानला आणलेला जर्मन युद्धकैदी. सुटल्यावर त्याने योकोहामात केकचं दुकान काढलं, १९२३ च्या भूकंपात ते गेलं, आणि तो कोबेत येऊन पुन्हा उभा राहिला. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असलेला त्याचा केक आज जपानात घराघरांत खातात.

आणि याच कोबेत १९४० च्या उत्तरार्धापासून ज्यू निर्वासितांचे जथे उतरू लागले. त्यांच्या हातातल्या कागदाकडे जरा जवळून पाहू. लिथुआनियातल्या कौनास शहरात जपानचे उपवाणिज्यदूत चिउने सुगिहारा होते. जपानमार्गे जाण्याचा परवाना द्यायचा तर पुढचा मुक्काम ठरलेला हवा. तो मुक्काम पुरवला यान झ्वार्टेंडाइक यांनी. हा फिलिप्स कंपनीचा माणूस, नेदरलँड्सचा हंगामी प्रतिनिधी. कुरासाव या डच बेटावर उतरायला व्हिसा लागत नाही, असं ते पासपोर्टवर लिहून देत. वाक्य खरं होतं, फक्त अर्धं होतं. व्हिसा लागत नसे, पण तिथल्या गव्हर्नरची परवानगी लागे, आणि ती तो जवळजवळ कुणाला देत नसे. हा उरलेला अर्धा भाग त्यांनी गाळला. त्या अर्ध्या वाक्यावर सुगिहारांनी जुलै-ऑगस्ट १९४० मध्ये दोन हजारांहून अधिक परवाने लिहिले, हाताने, शाईने. सैबेरियातून रेल्वे, व्लादिवोस्तोकहून बोट, त्सुरुगा बंदर, मग कोबे. कुरासावला जवळपास कुणीच गेलं नाही. मांगातला कामिलचा बाप निर्वासितांसाठी लिथुआनियाकडेच जातो, आणि तिथून जे घडतं ते या पुस्तकातलं सर्वांत जड पान आहे. नाझींच्या शाळेत घडवल्या जाणाऱ्या काउफमानच्या हाती पिस्तूल दिलं जातं आणि समोर उभा असतो लहानपणच्या मित्राचा बाप. तेझुका तिथे वेग कमी करतात. एरवी त्यांची चौकट पळत असते.

हेरगिरीचा धागा मात्र टोकियोत आहे. लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा रशियासाठी काम करणाऱ्या गटात जातो, बापाला ते कळतं, आणि बापच त्याचा जीव घेतो. हा मुलगा काल्पनिक, पण गट खरा आहे. त्या गटाचा म्होरक्या रिचर्ड झोर्गे मांगात थोडाच वेळ येतो, आणि इथे तक्रार करायला जागा आहे : त्याच्या कामाची रीत तेझुका फारशी दाखवत नाहीत. एका गुप्त पाकिटासाठी गच्चीवरून उड्या मारण्यापेक्षा ती रीत कितीतरी नाट्यमय होती.

झोर्गे बाकूजवळ जन्मलेला, बाप जर्मन, आई रशियन. सप्टेंबर १९३३ मध्ये तो योकोहामात उतरला तो जर्मन वृत्तपत्रांचा बातमीदार म्हणून. पुढे नाझी पक्षाचं सदस्यत्वही मिळवलं. त्याचा मोठा आधार होत्सुमी ओझाकी. हा 'असाही' वृत्तपत्राचा माणूस, पुढे पंतप्रधान कोनोए यांच्या सल्लागारांत बसणारा. दोघांची ओळख शांघायची, अमेरिकन पत्रकार ॲग्नेस स्मेडली यांच्या वर्तुळातली. या त्याच स्मेडली, ज्या बर्लिनमध्ये सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर अनेक वर्षं राहिल्या होत्या. कॅलिफोर्नियाहून आलेला ओकिनावाचा चित्रकार योतोकु मियागी, फ्रेंच वृत्तसंस्थेसाठी काम करणारा युगोस्लाव ब्रांको वुकेलिच, आणि बिनतारी यंत्र चालवणारा मॅक्स क्लाउझेन ही बाकीची मंडळी.

यंत्र बाहेरून आणणं म्हणजे सीमेवरच पकडलं जाणं. क्लाउझेन १९३५ च्या अखेरीस आला तो हात हलवत. सुटे भाग टोकियोच्या दुकानांतून घेतले, थोडे इथून, थोडे तिथून. वेटोळी तांब्याच्या नळीची वळवली, संदेश ठोकायची कळ स्वतः बनवली. प्रक्षेपक सुटा करून बॅगेत मावेल असा. जागा सतत बदलायची, कारण एकाच घरातून रोज लहरी निघाल्या तर दिशा शोधणारं यंत्र लावून माग काढणं सोपं. घर शक्यतो लाकडी, दुमजली, आणि खोली वरची. सिमेंट-लोखंडाच्या इमारतीत लहरी अडतात, आणि तार बाहेर टांगली तर शेजाऱ्यांना दिसते. १९४० पासून शेजारमंडळं सक्तीची झाली होती. दहा-बारा घरांचा गट, शिधावाटपही त्यातूनच, म्हणजे कोण कधी येतं-जातं हे सगळ्यांना ठाऊक. एकदा रात्री यंत्राची बॅग घेऊन जाताना टॅक्सी पोलिसाने थांबवली. क्लाउझेनला वाटलं, संपलं. पोलिसाची तक्रार गाडीचे दिवे लागत नाहीत एवढीच होती.

आता सांकेतिक लिपी. ती इतकी साधी, की शाळकरी पोराला अर्ध्या तासात शिकवता येईल. मजकूर इंग्रजीत लिहायचा. 'सबवे' हा किल्लीशब्द. त्याची सहा अक्षरं वर लिहायची : एस, यू, बी, डब्ल्यू, ए, वाय. त्याखाली उरलेली अक्षरं ओळीने भरत जायची. शेवटी पूर्णविराम आणि तिरपी रेघ. मग एकेक उभा रकाना वरून खाली वाचत आकडे द्यायचे. इंग्रजीत सर्वाधिक येणाऱ्या आठ अक्षरांना एकेरी आकडा : एस ०, आय १, ओ २, ई ३, आर ४, ए ५, टी ६, एन ७. बाकी अठरा अक्षरं आणि दोन चिन्हं यांना ८० ते ९९. सी ८०, एक्स ८१, यू ८२ असं करत व्ही ९९ पर्यंत.

यातली खुबी अशी, की ८ आणि ९ कधीच एकटे येत नाहीत. वाचणाऱ्याला ८ किंवा ९ दिसला, की पुढचा आकडा जोडून घ्यायचा. अक्षरांमध्ये जागा सोडायची गरज नाही. शिवाय इंग्रजी मजकुरात ही आठ अक्षरंच साठ टक्क्यांहून जास्त जागा व्यापतात, त्यामुळे शंभर अक्षरांना दोनशेऐवजी साधारण एकशेछत्तीस आकडे पुरतात. हवेत घालवलेलं प्रत्येक मिनिट धोक्याचं असताना ही बचत काटकसरीपेक्षा मोठी आहे.

टोकियो हा शब्द इंग्रजी स्पेलिंगने घेऊ : टी ६, ओ २, के ८८, वाय ९७, ओ २. म्हणजे ६२८८९७२. पाच-पाचचे गट करायचे. पहिला गट ६२८८९. एवढ्यावर सोडलं तर कुणीही फोडेल. म्हणून प्रत्येक आकड्यात दुसरा आकडा मिळवायचा, हातचा न धरता. हा दुसरा आकडा कुठून आणायचा, तर जर्मन सरकारच्या १९३५ च्या सांख्यिकी वार्षिकातून. कोळसा, डुकरं, राय नावाचं धान्य, बोटींचं टनेज यांचे तक्ते. समजा त्या पानावर ४७३५९ आहे. ६ आणि ४ मिळून १०, ठेवायचा ०. २ आणि ७ मिळून ९. ८ आणि ३ मिळून ११, ठेवायचा १. असं करत ०९१३८ हा गट हवेत जातो. कोणतं पान, कोणती ओळ, कोणता रकाना, हे सांगणारा गटही वेष बदलून त्याच संदेशात बसवलेला. समोरच्याकडे तेच पुस्तक, तो वजाबाकी करत मागे येतो. जर्मन व्यापाऱ्याच्या कपाटात जर्मन आकडेवारीचं पुस्तक. झडतीत ते हातात घेऊनही पोलीस परत ठेवणार.

चुका कुठे होतात? समजा खरखरीत एक आकडा चुकला आणि 'के'च्या ८८ मधल्या पहिल्या ८ चा ५ झाला. आता वाचणाऱ्याला दिसतं ६, २, ५, ८९, ७, २. टी, ओ, ए, क्यू, एन, ओ. एका आकड्याच्या चुकीने दोन अक्षरांची तीन झाली आणि सगळी वेगळी. मग गाडी आपोआप रुळावर येते. पण एक अख्खा गट ऐकायचा राहिला तर वजाबाकीची रांगच सरकते, आणि गटांची मोजणी जुळवून चूक पकडेपर्यंत पुढचं सगळं अडगळ. जपानी यंत्रणा हे संदेश कित्येक वर्षं पकडत होती, लिहून घेत होती. कुठून येतात ते सापडलं नाही, आणि आकडे फुटले नाहीत.

मग बिघडलं ते कुठे? मे १९३८ मध्ये एका रात्री झोर्गे दारू पिऊन मोटरसायकलवर निघाला आणि भिंतीवर आदळला. जबडा फुटला. खिशात गोपनीय कागद. रुग्णालयात तो शुद्ध जाऊ देईना, क्लाउझेन येईपर्यंत. तो आला, कागद त्याच्या हाती गेले, मग याने डोळे मिटले. सिनेमातही शोभेल असा हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. त्याच्या पुढची साधी गोष्ट मात्र सहसा सुटते. तोवर आकड्यांत बांधायचं काम झोर्गे स्वतः करत असे. अपघातानंतर मॉस्कोच्या परवानगीने ते क्लाउझेनकडे गेलं. तोवर फक्त आकडे ठोकणाऱ्या माणसाला आता काय ठोकतोय ते वाचता येऊ लागलं.

आणि याच क्लाउझेनचं दुकान दरम्यान चांगलं चालू लागलं होतं. आडोसा म्हणून काढलेला नकाशांच्या निळ्या प्रती काढणाऱ्या यंत्रांचा धंदा. गिऱ्हाइकांत मोठमोठे जपानी कारखाने, लष्करी खातीसुद्धा. १९४० मध्ये हृदयाच्या दुखण्याने तो अंथरुणाला खिळला, तरी बिछान्यात पडून संदेश ठोकत राहिला. त्या वर्षअखेरीस मॉस्कोने कळवलं, की आता खर्च दुकानाच्या नफ्यातून भागवा. माणसाचं मन कुठे फिरतं ते इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. त्याने मजकूर अर्धाच पाठवायला, काही सरळ फाडून टाकायला सुरुवात केली. १९४० मध्ये आकड्यांचे २९,१७९ गट गेले होते. १९४१ मध्ये १३,१०३. अटकेमुळे ते वर्ष ऑक्टोबरातच संपलं हे धरलं तरी तफावत मोठी आहे, आणि हे वर्ष कोणतं होतं? जर्मनी रशियावर तुटून पडली ते.

जे पोचलं त्याचं तरी काय झालं? मे १९४१ च्या अखेरीस झोर्गेने कळवलं, की जूनच्या उत्तरार्धात हल्ला होणार, आणि जर्मन राजदूत ऑट यांना त्याची ९५ टक्के खात्री आहे. मॉस्कोत अशा तारा संशयास्पद म्हणून बाजूला पडल्या. २२ जूनला हल्ला झाला. त्यानंतर त्याचं वजन वाढलं, आणि प्रश्न बदलला : जपान मागून सैबेरियात घुसणार का? इथे कोणताही गुप्त करार कुणी चोरला नाही. मियागी सैनिकांशी गप्पा मारून कोणत्या तुकडीला कसले कपडे मिळाले ते विचारत होता. उन्हाळी कपडे म्हणजे दक्षिण. ओझाकी दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या नोकरीत होता, तो सप्टेंबरमध्ये तिकडे जाऊन आला. उत्तरेच्या मोहिमेसाठी रेल्वेकडे मागितलेल्या माणसांचा आकडा घसरत होता. तेलाचा साठा किती दिवस पुरेल याचं गणित. या सगळ्यातून सप्टेंबरच्या मध्यावर निष्कर्ष गेला, की या वर्षी जपान रशियावर हल्ला करणार नाही. सैबेरियातल्या तुकड्या मॉस्को वाचवायला आल्या त्या एकट्या या तारेमुळे, असं सांगायची पद्धत आहे. काही तुकड्या आधीच हलल्या होत्या, तेव्हा ते जरा आवरून घ्यावं.

पकडले गेले तेही लिपी फुटून नव्हे. साम्यवाद्यांच्या मागावर असलेल्या विशेष पोलिसांच्या हाती एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं नाव आलं, तिच्याकडून मियागीचं. चौकशी चालू असताना मियागीने पोलीस ठाण्याच्या वरच्या मजल्यावरून उडी घेतली. खाली झाडी होती, वाचला, आणि मग बोलला. १५ ऑक्टोबर १९४१ ला ओझाकी, १८ ला झोर्गे, क्लाउझेन, वुकेलिच. ७ नोव्हेंबर १९४४ ला, रशियन क्रांतीच्या वाढदिवशी, सुगामो तुरुंगात झोर्गे आणि ओझाकी यांना फाशी झाली. मियागी आणि वुकेलिच तुरुंगातच वारले. क्लाउझेन जगला आणि १९७९ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये गेला.

मांगाकडे परत येताना हे सगळं डोक्यात असलं, की तेझुकांचा गेस्टापो, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांतला, अधिकारी लँप वेगळा दिसतो. तेझुका आपली पात्रं नटांसारखी वापरत. डोक्यामागे खड्डा पडलेला हा लँप त्यांच्या कितीतरी जुन्या कथांत खलनायक म्हणून येऊन गेलेला. नेहमीचा वाचक त्याला पाहताच ओळखतो. पण इथे तो कागद शोधत फिरणारा नोकरदार आहे, वर अहवाल द्यायचाय म्हणून घामाघूम झालेला. काउफमानला याच कागदांसाठी पाणबुडीतून जपानला धाडतात. सुभाषबाबू १९४३ मध्ये जर्मनीच्या यू-१८० मधून निघून मादागास्करजवळ भर समुद्रात जपानी पाणबुडीत चढले, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे; तो रस्ता खरोखरच वापरात होता. कोबेवर १७ मार्च आणि ५ जून १९४५ ला आगीचे बॉम्ब पडतात. बेकरीची गल्ली, उतारावरची घरं, पहिल्या भागात ज्या कडेकडेने दोन पोरं पळत होती त्या भिंती, तेझुका सगळं पुन्हा काढतात, जळलेलं.

काउफमानला कागद शेवटी सापडतात. तो ते हातात घेऊन उभा असतो तेव्हा हिटलर मेलेला असतो, जर्मनी शरण गेलेली असते, आणि ते पोचवायचे कुणाकडे, असं कुणी उरलेलं नसतं.

तिकडे टोकियोत अटकेनंतर क्लाउझेनने लिपी समजावून सांगितली. सबवे, आठ अक्षरं, वार्षिकाची पानं. मग पकडलेल्या संदेशांचे वर्षानुवर्षांचे गठ्ठे काढले गेले आणि पोलीस एकेक वजाबाकी करत बसले. त्याने फाडून टाकलेले संदेश अर्थातच त्या गठ्ठ्यांत नव्हते.